पावसाळ्यातला खुराक

मावळात बैलगाडा शर्यतींचे घाट चैत्र-वैशाखातल्या यात्रांना दणाणतात आणि मिरगाची पहिली सर आली की गप्प होतात. पुढचे चार महिने घाटात गवत वाढतं. लोणावळ्याकडून येणारा पाऊस कामशेत-वडगावपर्यंत सगळं झोडपून काढतो. पाहुण्याला वाटतं, आता गाडामालकाला काय काम? काम तेव्हाच असतं. गोठा कोरडा ठेवायचा, खुरांना चिखल्या होऊ द्यायच्या नाहीत, भरड, पेंड, दूध, अंडी असा खुराक वेळच्या वेळी पोचवायचा, बैलाला रोज चालता ठेवायचा. कुठला म्हातारा झाला, कुठल्या वासरात दम दिसतो, कुणाला कुणाशेजारी जुंपायचं, हे सगळं याच दिवसांत ठरतं. घाटात दिसते ती बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांची. तिची जुळवाजुळव पावसाळ्यात होते.

आणि बैल घरचाच हवा असा हट्ट इथं कुणी धरत नाही. चांगला बैल लाखो रुपये मोजून कुठूनही आणतात. त्याचा जन्म कुठला, हे निशाण पडल्यावर कोण विचारतो? पुकारा होतो तो मालकाच्या नावाचा आणि गावाच्या नावाचा. म्हणजे विकत आणलेल्याला आपला म्हणायची मावळाची पूर्ण तयारी आहे. अट एकच: मालक पुढच्या यात्रेलाही इथंच दिसला पाहिजे.

व्यावसायिक खेळांतल्या हंगामाबाहेरच्या उलाढालीबद्दल बोलताना मी गोठ्यापासून सुरुवात करतो, त्याला कारण आहे. लिलाव, सोडलेले आणि राखलेले खेळाडू, नवा प्रशिक्षक, हटवलेला कर्णधार या बातम्या आपण बाजारभावासारख्या वाचतो. कोण आला, कोण गेला, कितीला. चर्चा होते ती रकमेची. पण ज्या मावळात हा खेळ दोनदा मांडला गेला आणि दोनदा मोडला, त्या मावळाला वेगळा प्रश्न विचारायचा हक्क आहे: घेतलं कुणाला ते कळलं, पोसलं कुणाला?

द्रुतगती मार्गानं पुण्याकडे येताना गहुंज्याचं मैदान दिसतं. हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं मैदान. एप्रिल २०१२ मध्ये खुलं झालं आणि सदतीस हजारांच्या आसपास माणसं त्यात बसतात. नाव पुण्याचं, पण तालुका मावळ. या मैदानाला आयपीएलचा पहिला संघ मिळाला तो सहारा समूहाचा पुणे वॉरियर्स. मार्च २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून घेतलेला, त्या वेळचा सगळ्यात महाग संघ. २०११ मध्ये मैदान तयार नव्हतं म्हणून पुण्याचा हा संघ नवी मुंबईत 'घरचे' सामने खेळला. सुरुवातच भाड्याच्या घरात.

तिथून पुढं दरवर्षी सगळं बदललं. २०११ ला कर्णधार युवराज सिंग, प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचे जेफ मार्श. २०१२ ला युवराज कर्करोगावर उपचार घेत होता. सौरव गांगुली कर्णधारही झाला आणि मार्गदर्शकही. २०१३ ला प्रशिक्षक अॅलन डोनाल्ड आणि कर्णधार अँजेलो मॅथ्यूज. पण त्या वर्षी श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळता येत नव्हतं, म्हणून तिथं रॉस टेलर, आणि पुढं आरन फिंच. आता निकाल पाहा. २०११ मध्ये विजय चार. २०१२ मध्ये चार. २०१३ मध्येही चार. तीन वर्षं, इतके कर्णधार, इतके गुरू, आणि आकडा जागचा हलला नाही. मी हा आकडा पहिल्यांदा जुळवला तेव्हा आपलीच बेरीज चुकली असं वाटून पुन्हा मोजला. त्याच २०१३ मध्ये बंगळुरूला ख्रिस गेलनं या संघाविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या, आणि वॉरियर्सचं नाव अनेकांच्या लक्षात राहिलं ते तेवढ्यापुरतं. मे महिन्यात सहारानं अंग काढून घेतलं, ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळानं करार संपवला. मैदानाला दिलेलं सहाराचे प्रमुख सुब्रत रॉय यांचं नावही पैशांच्या वादात उतरलं.

गाडामालकाच्या भाषेत सांगायचं तर दर यात्रेला नवी जुपी, पुढं पळणारी नवी घोडी, नवा हाक्या. गोठा मात्र बांधलाच नाही.

दुसरा संघ आला तो आणखी अजब रीतीनं. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यांची जागा भरायला दोन हंगामी संघ हवे होते. डिसेंबर २०१५ मध्ये उलटा लिलाव झाला. मंडळाकडून कोण कमीत कमी पैसे घेईल, अशी बोली. संजीव गोएंका यांच्या कंपनीनं उणे १६ कोटींची बोली लावली, म्हणजे घेणं सोडाच, वर्षाला सोळा कोटी आपणच देऊ. पुणे त्यांना मिळालं, संघाचं नाव ठेवलं 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स'. आठवड्याभरात बंदी आलेल्या दोन संघांच्या खेळाडूंची निवड झाली: धोनी १२.५ कोटी, अजिंक्य रहाणे ९.५, अश्विन ७.५, स्टीव्ह स्मिथ ५.५, फाफ डू प्लेसी ४ कोटी. प्रशिक्षक चेन्नईचेच स्टीफन फ्लेमिंग. थोडक्यात, शेजाऱ्याच्या घराला कुलूप लागलं म्हणून दोन वर्षांसाठी त्याची भांडीकुंडी आपल्या ओसरीवर मांडली.

पहिल्या वर्षी या संघाचा सातवा क्रमांक आला. मग मधल्या काळात मालकांनी कात्री चालवली. १९ फेब्रुवारी २०१७ ला धोनीला कर्णधारपदावरून काढून स्मिथला नेमलं. दुसऱ्या दिवशी बंगळुरूच्या लिलावात बेन स्टोक्सला १४.५ कोटींना घेतलं. आणि हो, संघाच्या इंग्रजी नावातलं अनेकवचनाचं अक्षरही गाळून टाकलं. खेळाडू बदलले, कर्णधार बदलला, व्याकरणसुद्धा सुटलं नाही.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा अडथळा इथंच येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हा बदल फळला. संघ गुणतक्त्यात दुसरा आला. स्टोक्स हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. १० लाखांना घेतलेल्या राहुल त्रिपाठीनं, महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या पोरानं, ३९१ धावा काढल्या. ३० लाखांच्या जयदेव उनाडकटनं २४ बळी घेतले. २१ मे २०१७ ला हैदराबादेत अंतिम सामना, समोर मुंबई. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. एका धावेनं चषक गेला. स्टोक्स तेव्हा इंग्लंडच्या कामगिरीसाठी परत गेला होता. तो असता तर काय झालं असतं, ही चर्चा मी लोकलमध्ये लोणावळ्यापासून बेगडेवाडीपर्यंत ऐकली आहे.

तर मग निष्ठुर खांदेपालट चुकीचा कसा म्हणायचा? मी चुकीचा म्हणतच नाही. धोनीला हटवलं याचा मला राग नाही. कर्णधारपद काही वतन नव्हे. माझा मुद्दा दुसऱ्या दिवशीचा आहे. २२ मे २०१७ ला या संघाकडे उरलं काय? काहीच नाही, कारण करारच दोन वर्षांचा होता. एका धावेनं हरलेला संघ पुढच्या वर्षी त्या धावेची वसुली करायला उतरतो, त्यातच खेळाची अर्धी गोडी असते. इथं वसूल करायला कुणी राहिलंच नव्हतं. हरण्याचं दुःखसुद्धा वारशानं मिळावं लागतं.

पुढचा प्रसंग तर कुणी कथेत लिहिला असता तर संपादकानं 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवला असता. २०१८ मध्ये चेन्नई आणि राजस्थान परतले. पुण्याचा संघ दोन वाटांनी फुटला. धोनी, फ्लेमिंग, डू प्लेसी, इम्रान ताहीर, शार्दूल ठाकूर, दीपक चहर चेन्नईकडे. स्मिथ, स्टोक्स, रहाणे, त्रिपाठी, उनाडकट राजस्थानकडे. मग कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सामने कुठं हलवले? गहुंज्याला. २० एप्रिल २०१८ ला तिथं चेन्नई विरुद्ध राजस्थान असा सामना झाला. चेंडू कुरतडल्याच्या प्रकरणामुळे स्मिथ बाहेर होता, बाकी वर्षापूर्वीच्या एकाच संघाचे दोन तुकडे त्याच मैदानावर आमनेसामने. चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून पिवळे सदरे आले होते. शिट्ट्या त्यांच्या, ढोल त्यांचे. शेन वॉटसननं शतक ठोकलं, चेन्नई ६४ धावांनी जिंकली. हजार किलोमीटरवरून आलेल्या त्या लोकांना मैदान परकं होतं, संघ आपला होता. आपल्याकडे नेमकं उलटं.

याच वर्षीची आणखी एक गोष्ट क्रीडापानावर क्वचितच येते. मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०१८ मध्ये गहुंज्याच्या सामन्यांसाठी पवनेचं पाणी वापरायला मनाई केली. त्याआधी २०१६ च्या दुष्काळात न्यायालयानं एप्रिलअखेरनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला होता. पवनेचं पाणी हा मावळात साधा विषय नाही. धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्याच खोऱ्यात हिरवळ शिंपायची, तर ती हिरवळ कुणासाठी, हा प्रश्न येणारच. जमीन मावळाची, पाणी मावळाचं, वाहतुकीची कोंडी मावळाची. संघाच्या यादीत मावळाला जागा कुठं होती? वाहनतळाच्या पाटीवर.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते वजनदार आहे. खेळाडू म्हणजे बैल नव्हे. तो माणूस आहे, त्याला चांगला दाम, चांगली जागा शोधायचा अधिकार आहे. जुन्या काळी संघटनेच्या, संस्थानिकाच्या, कारखान्याच्या मर्जीवर आयुष्य काढणाऱ्या खेळाडूला लिलावानं किंमत दिली. त्रिपाठीच पाहा: १० लाखांवरून एका वर्षात ३ कोटी ४० लाख. गोठ्यात बांधून ठेवण्याची भाषा करणारा मी कोण? हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून 'पूर्वी निष्ठा होती, आता पैसा आहे' हे रडगाणं मी गाणार नाही. निष्ठा पूर्वीही पोटाशी बांधलेली होती.

पण यासाठी आपल्याकडे एक जुनी जोडी आहे: शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं; कराराने येतो, करार संपला की दुसरा धनी पाहतो. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळतो. शिवाजी महाराजांच्या फौजेत दोघंही होते. शिलेदारांना त्यांनी हाकलून दिलं नाही. पण भर पागेवर ठेवला आणि शिलेदार तिच्या धाकात राहतील अशी रचना केली. सभासदाच्या बखरीत पावसाळ्यातल्या छावणीची व्यवस्था आहे: लष्कर मुलखात परत यायचं, घोड्यांसाठी दाणा-वैरण आधीच साठवलेली, राहायला जागा तयार, आणि दसऱ्याला फौज पुन्हा बाहेर. आठ महिने स्वारी, चार महिने छावणी. आजच्या भाषेत हाच हंगामाबाहेरचा काळ. त्या चार महिन्यांत बाजार भरत नव्हता, पागा पोसली जात होती.

आजचा महागडा खेळाडू शिलेदार आहे, आणि असू दे. स्टोक्सनं कुणाशी बेइमानी केली नाही. दोष त्या संघाचा, ज्याच्याकडे शिलेदारच होते आणि पागा नव्हती.

पागा असली की काय होतं, हे पाहायला गहुंज्याहून बालेवाडीपर्यंत गेलं तरी पुरे. प्रो कबड्डीतली पुणेरी पलटण पहिली बरीच वर्षं चषकाविना धडपडत होती; प्रशिक्षक येत होते, जात होते. मग युवा पलटण नावाची तरुणांची फळी उभी राहिली. २०२१ च्या हंगामात अनुप कुमार प्रशिक्षक असताना अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही नवखी पोरं चढाईला उतरली. अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. पुढं बी. सी. रमेश आले आणि सलग तीन हंगाम राहिले. २०२२ ला अंतिम फेरीत जयपूरकडून हार, ३३-२९. तोच गाभा राहिला. २०२३ च्या लिलावात इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना घेतला, म्हणजे पागेला एक दमदार शिलेदार जोडला. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटण विजेती झाली.

आणि लगेच बाजारानं आपला हिसका दाखवला. विजेत्या संघाला शादलूई राखता आला नाही; हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना नेला. अस्लम मधेच जायबंदी झाला, पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना बालेवाडीतच होता. चषक उचलला हरियाणानं, शादलूईसह. पुण्याच्या प्रेक्षकांनी आपला गेल्या वर्षीचा वीर आपल्याच अंगणात दुसऱ्याचा झेंडा घेऊन नाचताना पाहिला.

वॉरियर्सची गोष्ट असती तर इथं संपली असती. पलटणीची नाही संपली. रमेश गेले, अजय ठाकूर प्रशिक्षक म्हणून आले. पण अस्लम होता, मोहित होता, बचावात गौरव खत्री होता. ३१ ऑक्टोबर २०२५ ला ती पुन्हा अंतिम फेरीत उभी होती, दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. मला त्या हरण्याचं कौतुक जास्त वाटतं. प्रशिक्षक बदलून, सर्वांत महाग माणूस गमावून जो संघ अंतिम फेरीला येतो, त्याचं काहीतरी जमिनीत रुजलेलं असतं. प्रशिक्षक बदलणं म्हणजे वस्ताद बदलणं. तालीम शाबूत असेल तर नवा वस्ताद नवा डाव शिकवतो. तालीमच नसेल तर तो फक्त आधीच्याचे फोटो भिंतीवरून उतरवतो.

ही अक्कल फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंचा बाजार आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तरी १९८४-८५ पासून पगाराला कमाल मर्यादा आली तेव्हाच एक पळवाट मुद्दाम ठेवली: आपल्याच जुन्या खेळाडूला राखायचं असेल तर संघ मर्यादा ओलांडू शकतो. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावानं हा नियम ओळखला जातो. सॅन अँटोनियो संघानं ग्रेग पॉपोविच यांना १९९६ ते २०२५ प्रशिक्षक ठेवलं, या काळात खेळाडूंच्या पिढ्या गेल्या आणि पाच अजिंक्यपदं आली. आणि सिएटल शहराचा संघ २००८ मध्ये मालकानं ओक्लाहोमाला नेला तेव्हा शहरानं भांडून संघाचं नाव आणि रंग आपल्यासाठी राखून घेतले. संघ गेला, नाव दिलं नाही.

आपलं नाव कुठं गेलं? गोएंका २०२१ मध्ये ७,०९० कोटी देऊन आयपीएलमध्ये परतले, लखनौचा संघ घेऊन. संघाचं नाव ठेवलं 'सुपर जायंट्स'. पुण्यात एकवचनी झालेलं नाव गोमतीकाठी पुन्हा अनेकवचनी झालं. पुण्यानं तक्रार केली नाही, मावळानं तर नाहीच. ज्याचं कधी बारसं जेवलो नाही, त्याचं नाव गेल्याचं सुतक कोण पाळणार?

मला कुणी विचारलं की गहुंज्याला पुन्हा आयपीएलचा संघ हवा का, तर मी लगेच हो म्हणणार नाही. २०२३ पासून तिथं महाराष्ट्र प्रीमियर लीग भरते, जून महिन्यात. मावळात जूनमध्ये क्रिकेट खेळवायचं ज्यानं ठरवलं, त्यानं कधी खंडाळ्याच्या घाटात छत्री उलटी झालेली पाहिली नसावी. पहिल्याच वर्षी अंतिम सामना पावसानं धुऊन नेला. पण त्या स्पर्धेच्या यादीत सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरीची पोरं असतात. रकमा लहान, गर्दी बेताची, टीव्हीवर झगमगाट कमी. पागा अशीच दिसते. महाग शिलेदार त्यानंतर आणावा.

बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली ती डिसेंबर २०२१ पर्यंत टिकली. सात वर्षांचा पावसाळाच म्हणा. धावायला घाट नाही, इनाम नाही, परवानगी येईल याची खात्री नाही. कितीकांनी बैल विकले, आणि त्यांना दोष देता येत नाही. खुराक स्वस्त नसतो. पण काही गोठ्यांत बैल तसेच पोसले जात राहिले, वासरं तयार होत राहिली. परवानगी मिळाल्यावर घाट एकदम भरले ते त्या गोठ्यांमुळे.

परवानगीनंतरच्या त्या उन्हाळ्यात, १ मे २०२२ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी, गहुंज्यात चेन्नई आणि हैदराबाद यांचा सामना होता. आदल्याच दिवशी रवींद्र जडेजानं चेन्नईचं कर्णधारपद परत केलं होतं, त्यामुळे नाणेफेकीला आला धोनी. पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या मालकांनी ज्याच्याकडून कर्णधारपद काढलं, तोच, त्याच मैदानावर. सलामीला सांगवीचा ऋतुराज गायकवाड, थेरगावच्या अकादमीत घडलेला, पिवळ्या सदऱ्यात. चेन्नईकडून नवा चेंडू महाराष्ट्राच्या मुकेश चौधरीकडे. आणि हैदराबादकडून तिसऱ्या क्रमांकावर आला आपला राहुल त्रिपाठी. मुकेशनं त्याला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. त्याआधी ऋतुराजनं ५७ चेंडूंत ९९ धावा काढल्या होत्या. शतकाला एक धाव हवी असताना तो झेल देऊन परतला. गॅलरीतून एक लांब सुस्कारा उठला, आणि क्षणभर कुणाला कळेना, हा सुस्कारा चेन्नईसाठी होता की सांगवीसाठी.